२६ मे, १७ जुलै आणि साइनचं दुसरं उत्तर

नवतपा लागला की नागपुरात दुपारी बाराला गच्चीवर जाणाऱ्या माणसाला घरचे वेड्यात काढतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. कूलरची टाकी भरायची, पडदे ओढायचे आणि चारपर्यंत गप पडून राहायचं, हा इथला शिरस्ता. तरी दरवर्षी २६ मेच्या आसपास मी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून गच्चीवर असतो. समोर दोन विटांवर टेकवलेला नळाच्या पाइपचा मीटरभर तुकडा, ओळंबा लावून सरळ उभा केलेला. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला त्याची सावली आखडत आखडत त्याच्याच बुडात शिरते. विटांच्या फटीतून वाकून बघितलं तर पाइपच्या पोकळीतून आरपार आलेल्या उन्हाची वाटोळी टिकली फरशीवर पडलेली दिसते. शून्य सावली म्हणतात ती हीच.

गेल्या खेपेला सोबत भाची होती, नुकतीच बारावीत गेलेली.

"मामा, सावली दिसूनच नाही राहिली!" पाइपभोवती एक चक्कर मारून तिने खात्री करून घेतली. "आता पुढच्या वर्षीच ना?"

"नाही. १७ जुलैला परत."

"दोनदा? दोनदा काहून?"

मी बारावीच्या गणिताची शिकवणी घेतो. 'त्रिकोणमितीय समीकरणांची व्यापक उकल' हा मथळा फळ्यावर लिहिला की मुलांचे चेहरे कसे उतरतात ते मला पाठ आहे. तो अख्खा धडा या एका 'काहून'मध्ये मावतो, म्हणून तो इथे गच्चीवरूनच सांगतो.

नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१.१५ अंशांवर आहे. सूर्य वर्षभर विषुववृत्ताच्या वर-खाली झुलतो, उत्तरेला २३.४४ अंशांपर्यंत आणि दक्षिणेलाही तितकाच, कारण पृथ्वीचा आस तेवढा कललेला आहे. सूर्य त्या दिवशी विषुववृत्तापासून किती अंश दूर आहे, याला पंचांगवाले क्रांती म्हणतात. क्रांती उत्तरेला २१.१५ अंश झाली की माध्यान्हीचा सूर्य थेट नागपूरच्या माथ्यावर. (माध्यान्ह घड्याळात बारालाच होत नाही. आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर लावलेली आहेत आणि नागपूर त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून ती दहा मिनिटं.)

ही क्रांती साइनच्या लाटेसारखी वर-खाली होते. २१ मार्चला शून्य धरून वर्षाचे ३६० अंश पाडले आणि त्या-त्या दिवसाच्या कोनाला थीटा म्हटलं, तर ढोबळमानाने

क्रांती = २३.४४ × साइन थीटा

आणि आपल्याला हवंय २३.४४ × साइन थीटा = २१.१५, म्हणजे साइन थीटा = ०.९०२. झालं आपलं समीकरण तयार.

भाचीने फोनवरचा कॅल्क्युलेटर काढला. उत्तर आलं ६४.५ अंश. वर्षाचे दिवस ३६५ आणि अंश ३६०, तेव्हा एका अंशाला एका दिवसाहून किंचित जास्त वेळ लागतो. ६४.५ अंशांचे झाले ६५ दिवस. २१ मार्चपासून ६५ दिवस मोजले की येतो २५ मे. एका दिवसाची चूक राहिली, पण इतक्या ढोबळ सूत्राला एक दिवस माफ. पृथ्वी वर्षभर एकाच वेगाने सूर्याभोवती फिरते असं आपण धरून चाललोय आणि ती तशी फिरत नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी परत येईल.

पण जुलै कुठे आहे? कॅल्क्युलेटर ६४.५ म्हणाला आणि गप्प बसला.

तो लबाडी करत नाही. त्याला विचारलं की 'कुठल्या कोनाचा साइन ०.९०२ आहे', तर त्याला एकच आकडा दाखवायची सोय आहे. म्हणून गणितवाल्यांनी ठरवून टाकलंय की उलट्या साइनचं उत्तर उणे ९० ते अधिक ९० अंशांमध्येच शोधायचं. म्हणजे कॅल्क्युलेटर वर्तुळाचा उजवा अर्धा भाग बघतो आणि डाव्या अर्ध्याकडे पाठ करून उभा राहतो. डावीकडे काय आहे ते बघणं आपल्याकडे लागलं.

त्यासाठी गच्चीच्या फरशीवरच खडूने वर्तुळ काढलं. उजव्या टोकाला २१ मार्च. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने निघायचं, माथ्यावर २१ जून, डाव्या टोकाला २३ सप्टेंबर, तळाशी २२ डिसेंबर, आणि परत मार्च. वर्षाची एक फेरी म्हणजे वर्तुळाची एक फेरी. वर्तुळाची त्रिज्या १ धरली, तर त्यावरच्या कुठल्याही बिंदूची आडव्या व्यासापासूनची उंची म्हणजेच साइन. साइनची ही एवढीच व्याख्या डोक्यात ठेवली तरी पुढचं सगळं आपोआप सुटतं, म्हणून मी मुलांना काटकोन त्रिकोणाची 'समोरची बाजू भागिले कर्ण' ही व्याख्या बारावीत तात्पुरती विसरायला सांगतो. त्रिकोणात ९० अंशांच्या पुढे जाताच येत नाही, वर्तुळात येतं.

आता सुतळीचा एक तुकडा ०.९०२ उंचीवर वर्तुळावर आडवा ताणा. सुतळी वर्तुळाला किती जागी कापते? दोन. एक उजवीकडे, मे महिन्यात. दुसरी डावीकडे, तेवढ्याच उंचीवर. वर्तुळ उभ्या व्यासावर, म्हणजे जून-डिसेंबरच्या रेघेवर, घडी घातल्यासारखं दुमडलं तर हे दोन बिंदू एकमेकांवर पडतात. ही साइनची सममिती. उजवा बिंदू माथ्यापासून २५.५ अंश अलीकडे आहे, म्हणून डावा २५.५ अंश पलीकडे, ९० अधिक २५.५, म्हणजे ११५.५ अंश. पुस्तकात हेच 'साइन (१८० − थीटा) = साइन थीटा' असं लिहिलेलं असतं. १८० वजा ६४.५ करून बघा, ११५.५ च येतात.

११५.५ अंशांचे ११७ दिवस, आणि २१ मार्चपासून ११७ दिवस म्हणजे १६ जुलै. इथेही तोच एक दिवस कमी. सूत्र बाजूला ठेवून कॅलेंडरवर बोटं ठेवली तर आणखी गंमत येते. २६ मे ते २१ जून, २६ दिवस. २१ जून ते १७ जुलै, २६ दिवस. आरसा २१ जूनला उभा आहे आणि मे महिन्यातली दुपार त्यात जुलैची होऊन दिसते.

जुलैतल्या शून्य सावलीला नागपुरात कोणी जमत नाही, कारण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून बहुतेकांना दुसऱ्या दिवसाचा पत्ताच नसतो. समीकरणाला ढगांशी काही देणंघेणं नाही.

आता आवर्तन. पृथ्वी एक फेरी मारून आली की सगळं परत तेच, म्हणून ६४.५ मध्ये ३६० मिळवा, पुढच्या वर्षीचा मे. परत ३६० मिळवा, त्यापुढचा. वजा करत गेलात तर मागची वर्षं. 'न' ही कुठलीही पूर्ण संख्या धरली, तर सगळी उत्तरं दोन ओळींत बसतात: ६४.५ + ३६०न आणि ११५.५ + ३६०न. मे महिन्यांची एक रांग, जुलै महिन्यांची दुसरी. सममितीने एकाची दोन उत्तरं केली, आवर्तनाने दोनांची अगणित. असल्या कुठल्याही समीकरणापुढे बसलात की दोनच गोष्टी विचारायच्या: आरसा कुठे आहे, आणि फेरी किती अंशांनी पुरी होते?

पण पुस्तकं काय करतात? या दोन सरळ ओळी एका सूत्रात कोंबतात: थीटा = १८०न + (−१)^न × आल्फा. आल्फा म्हणजे कॅल्क्युलेटरने दिलेलं उत्तर, आपलं ६४.५. 'न' सम असेल तर पूर्ण फेऱ्या मारून आल्फा मिळवायचा, विषम असेल तर अर्धी फेरी जास्त मारून आल्फा वजा करायचा. पहिली ओळ मेची, दुसरी जुलैची, बाकी काही नाही. सूत्र बरोबर आहे, देखणंही आहे. पण आरसा न दाखवता हे पाठ करायला दिलं की मुलं (−१)च्या घाताशी झटापट करत बसतात. माझं मत विचाराल तर बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत सूत्र लिहा, पण डोक्यात दोन रांगा ठेवा.

सुतळी वर-खाली सरकवली की भूगोलही कळतो. खाली आणली, म्हणजे दक्षिणेकडचं गाव घेतलं, की दोन बिंदू एकमेकांपासून लांब जातात. मुंबईत शून्य सावलीच्या दोन दिवसांत सव्वादोन महिन्यांहून जास्त अंतर पडतं, आपल्याकडे जेमतेम ५२ दिवस. वर सरकवली की बिंदू जवळ येतात. जबलपूर कर्कवृत्ताच्या जरासंच खाली आहे, तिथे १२ जून आणि ३० जूनच्या आसपास. नेमक्या कर्कवृत्तावर सुतळी वर्तुळाच्या माथ्याला नुसती टेकते, दोन्ही उत्तरं एकमेकांत विरघळतात आणि २१ जून हा एकच दिवस उरतो. आणि दिल्ली? दिल्ली २८.६ अंशांवर. २८.६ भागिले २३.४४ एकापेक्षा जास्त येतं. सुतळी वर्तुळाच्या वरून निघून गेली, कापणार कुठे? समीकरणाला उत्तर नाही, आणि दिल्लीत उभ्या खांबाची सावली माध्यान्ही कधीच नाहीशी होत नाही. 'साइनची किंमत १ पेक्षा जास्त असत नाही' हे वाक्य मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण दिल्लीचं उदाहरण दिल्यावर ते दुसऱ्यांदा सांगावं लागलेलं नाही.

कोसाइनचं काय? कोसाइन म्हणजे बिंदू उभ्या व्यासापासून किती उजवीकडे किंवा डावीकडे आहे ते अंतर. आता सुतळी उभी ताणायची. ती वर एकदा आणि खाली एकदा कापते, म्हणजे आरसा आडवा झाला, मार्च-सप्टेंबरच्या रेघेवर. थीटाचा जोडीदार उणे थीटा. म्हणून कोसाइन थीटा = १/२ ची उत्तरं ३६०न ± ६०. टॅनला आरसा नाही. केंद्रातून जाणाऱ्या रेघेचा चढ म्हणजे टॅन, आणि अशी रेघ वर्तुळाला समोरासमोरच्या दोन टोकांना छेदते. दोन्ही टोकांचा टॅन एकच, म्हणून टॅनची फेरी १८० अंशांतच पुरी होते. टॅन थीटा = १ चं उत्तर ४५ + १८०न, एकाच रांगेत सगळं संपलं.

ही सममिती आपल्याकडे जुनी आहे. इ. स. ४९९च्या सुमाराला आर्यभटाने 'ज्यां'ची, म्हणजे साइनची, सारणी दिली, ती ३ अंश ४५ कलांच्या (पावणेचार अंशांच्या) पायऱ्यांची. पायऱ्या किती? २४. गुणून बघा, बरोबर ९० अंश होतात. पुढचे २७० अंश त्याने दिले नाहीत, कारण लागतच नाहीत. वर्तुळाचा एक चरण हातात आला की बाकीचे तीन आरशातून मिळतात. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. पुढे अरबी लिखाणात तिची 'जीबा' झाली, वाचताना ती 'जैब' झाली, आणि जैबचा एक अर्थ कपड्याचा घोळ किंवा खिसा असल्यामुळे लॅटिनवाल्यांनी त्या अर्थाचा 'सायनस' शब्द घेतला. तोच आपला साइन. इतवारीच्या गर्दीत 'जेब सांभाळा' असं कोणी म्हणालं, तर तो त्याच शब्दाचा भाऊबंद आहे.

सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने तर सारणीशिवाय साइन काढायचं एक सूत्र दिलं. अंशांतला कोन क्ष असेल, तर आधी क्ष × (१८० − क्ष) हा गुणाकार करा. त्याची चौपट वर, आणि ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून खाली. क्ष = ३० घेऊ. ३० × १५० = ४५००. वर १८०००, खाली ३६०००. उत्तर १/२, अगदी नेमकं. बाकीच्या बहुतेक कोनांना उत्तर किंचित हलतं, पण फार नाही. आता क्ष = १५० घेतलं तर? १५० × ३०, परत तेच ४५००. क्ष आणि १८० वजा क्ष यांची अदलाबदल केली तरी गुणाकार हलत नाही. आरसा सूत्रातच शिवून ठेवलाय. तेराशे-चौदाशे वर्षांनंतरही मला हे सूत्र फळ्यावर लिहिताना मजा येते.

आता वह्यांत सर्वांत जास्त लाल शाई जिथे खर्च होते तिथे येऊ. गणित असतं: ० ते ३६० अंशांमध्ये साइन ३थीटा = १/२ सोडवा. मुलगा लिहितो, ३थीटा = ३० किंवा १५०, म्हणून थीटा = १० किंवा ५०. खाली दोन रेघा, उत्तर संपलं. सहापैकी चार उत्तरं गेली.

कुठे गेली? थीटा एक फेरी मारतो तेवढ्यात ३थीटाच्या तीन फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत सुतळी दोनदा कापली जाते, म्हणून उत्तरं सहा हवीत. गफलत होते ती क्रमामुळे. आधी ३ने भागून मोकळं झालं की मग फेऱ्या आठवतात, तोवर उशीर होतो. फेऱ्या ३थीटाच्या आहेत, तेव्हा ३६० तिथेच मिळवायचे: ३०, १५०, ३९०, ५१०, ७५०, ८७०. यानंतर ३ने भागा: १०, ५०, १३०, १७०, २५०, २९०. भागाकार सगळ्यांत शेवटी. उत्तरांकडे नीट बघा, १० मध्ये १२० मिळवले की १३०, परत १२० की २५०. ५० चंही तसंच. साइन ३थीटाची फेरी १२० अंशांची आहे, हे उत्तरंच सांगताहेत. मी मुलांना आधी उत्तरांची संख्या कोपऱ्यात लिहायला लावतो, गणित नंतर. कोपऱ्यात ६ लिहिलेलं असेल तर दोनावर थांबायला हात धजत नाही.

आरसा नेहमी ९० वर किंवा शून्यावरच असतो असंही नाही. साइन थीटा + कोसाइन थीटा = १ घ्या. थीटाच्या जागी ९० − थीटा टाकला तर साइनचा कोसाइन होतो, कोसाइनचा साइन, आणि बेरीज होती तशीच राहते. म्हणजे या समीकरणाचा आरसा ४५ अंशांवर आहे. एक उत्तर नुसतं बघून सापडतं: शून्य. साइन शून्य, कोसाइन एक, बेरीज एक. मग ४५ च्या पलीकडे तेवढ्याच अंतरावर ९० असलंच पाहिजे, आणि आहे. आणखी आहेत का? डावी बाजू √२ × कोसाइन (थीटा − ४५) अशी लिहिता येते. ती म्हणजे ४५ अंश सरकवलेला कोसाइन, आणि कोसाइनला एका फेरीत दोनच उत्तरं. म्हणून एका फेरीत ० आणि ९०, पुढे ३६०न मिळवत जायचं.

इथे पुष्कळ जण दोन्ही बाजूंचा वर्ग करतात. वर्ग केला की साइन २थीटा = ० उरतं आणि ०, ९०, १८०, २७० अशी चार उत्तरं हाती येतात. त्यातली १८० आणि २७० खोटी. त्यांची बेरीज उणे एक येते, आणि वर्ग करताना उणेची खूण पुसली गेलेली असते. याच्या बरोबर उलटा घोटाळा साइन २थीटा = साइन थीटा मध्ये होतो. दोन्हीकडून साइन थीटा छाटून टाकला की साइन शून्य असलेली सगळी उत्तरं त्याच्याबरोबर केराच्या टोपलीत. छाटायचं नाही, एका बाजूला आणून सामाईक काढायचा. इतकंच.

जानेवारीत संक्रांतीला भाची परत आली, पतंग उडवायला. पाइप कोपऱ्यात पडलेलाच होता. तिने तो आपणहून फरशीवर उभा केला, ओळंबा लावला, आणि साडेबाराच्या जरा आधी, सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा टेप टाकली. मीटरभर पाइपची सावली ९१ सेंटिमीटर. त्या दिवसांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण तेवढाच असतो, जेवढं नागपूर उत्तरेला आहे. २१.१५ ची दुप्पट ४२.३, आणि टॅन ४२.३ = ०.९१. तिने हे आधीच वहीत मांडून आणलं होतं.

"साइन थीटा बरोबर उणे ०.९०२," ती म्हणाली. "म्हणजे वर्तुळाच्या खालच्या भागात. इथे आरसा २२ डिसेंबरला. मग अशीच सावली नोव्हेंबरात पण पडली असेल नं?"

"कधी?"

तिने बोटं मोजली. २२ डिसेंबर ते संक्रांत, साधारण २४ दिवस. "२८ नोव्हेंबरच्या जवळपास." मग थबकली. "पण मामा, उन्हाळ्यात २६ दिवस होते. इथे २४ च काहून?"

पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि रेंगाळते, जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ असते आणि घाई करते. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून "ओ काट!" ऐकू आलं आणि ती चक्री उचलून पळाली.